महादेवबाबा
कर्नल फिलिप मेडोज टेलर यांचे चरित्र

सेनाधिकाऱ्याचे चरित्र म्हटले म्हणजे रणांगण, तोफांचा गडगडाट आणि जिंकलेले किल्ले वाचकांच्या डोळ्यांपुढे उभे राहतात. ज्या पुरुषाची जीवनकथा येथे सांगावयाची आहे, त्यांच्या नावामागे कर्नल ही पदवी होती आणि इंग्लंडच्या राणीने दिलेले स्टार ऑफ इंडिया हे मानचिन्हही त्यांना लाभले होते. तथापि त्यांच्या नावावर एकही मोठी लढाई नाही. त्यांनी जे मिळविले ते तलवार म्यानात ठेवून मिळविले, आणि जे गमावले तेही स्वतःच्या हातून नव्हे, तर ज्या सत्तेची त्यांनी निष्ठेने सेवा केली तिच्याच हातून गमावले. तुळजापूर, नळदुर्ग, धाराशीव, बुलढाणा आणि कृष्णा-भीमेच्या दुआबातील सुरपूर हा मुलूख त्यांच्या पायांखालचा होता. तेथील साध्या रयतेला मेडोज हे नाव उच्चारता येईना, म्हणून तिने त्यांस महादेवबाबा म्हणावयास प्रारंभ केला. परकीय अधिकाऱ्यास लोकांनी आपल्या आराध्यदैवताचे नाव द्यावे, ही गोष्ट लहान नव्हे.

फिलिप मेडोज टेलर यांचा जन्म २५ सप्टेंबर १८०८ रोजी इंग्लंडातील लिव्हरपूल येथे झाला. वडील व्यापारी होते. पण व्यापारात खोट आली आणि घरची स्थिती खालावली. त्यामुळे मुलाचे शालेय शिक्षण अर्ध्यावरच राहिले. मुंबईतील एका व्यापाऱ्याच्या पेढीत उमेदवारी करावी आणि वयात आल्यावर तेथे भागीदार व्हावे, असा करार होऊन इ. स. १८२४ मध्ये ते हिंदुस्थानास निघाले. तेव्हा त्यांचे वय अवघे पंधरा वर्षांचे होते. मुंबईत पोहोचल्यावर कळले की त्या पेढीचा डोलारा पोकळ आहे. परक्या देशात निराधार झालेल्या या मुलाच्या साहाय्यास मातुल घराण्याचे नातलग न्यूनहॅम धावून आले. ते मुंबई सरकारात मोठ्या अधिकारावर होते. त्यांच्या खटपटीने त्याच वर्षाच्या अखेरीस निजामाच्या फौजेत टेलर यांस अधिकाऱ्याची जागा मिळाली आणि सोळावे वर्ष नुकतेच सरले असता ते औरंगाबादेस रुजू झाले.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेविली पाहिजे. ही फौज निजामाची, तिचा पगार निजामाच्या खजिन्यातून निघावयाचा; पण तिचे अधिकारी इंग्रज आणि तिच्यावरील हुकमत रेसिडेंटची. कंपनीच्या खास लष्करातील अधिकाऱ्यांना जी बढती, जे निवृत्तिवेतन आणि जी प्रतिष्ठा मिळे, ती या फौजेतील अधिकाऱ्यांच्या वाट्यास येत नसे. म्हणजे टेलर हे इंग्रजांमध्ये एका परीने दुय्यम मानले जाणारे इंग्रज होते. पुढे मोठमोठी कामे करूनही मान मिळावयास त्यांना जो विलंब लागला, त्याचे एक कारण हे होते.

शाळा सुटली तरी विद्या सुटली नाही. हिंदुस्थानी, फारसी आणि मराठी या भाषा त्यांनी परिश्रमाने आत्मसात केल्या. कायदा, भूगर्भशास्त्र, जमीनमोजणी हे विषय त्यांनी छावणीत बसून पुस्तकांच्या आधारे हस्तगत केले. चित्रकलेचाही त्यांना नाद होता. दक्षिणेतील स्थळांची त्यांनी काढलेली चित्रे इ. स. १८३७ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. गुरुगृही न जाता केवळ निष्ठेने विद्या संपादन करणाऱ्या एकलव्याची आठवण येथे झाल्यावाचून राहत नाही.

ऐन विशीच्या आत त्यांच्याकडे निजामाच्या नैर्ऋत्येकडील जिल्ह्यांत पोलिसांचा कारभार आला. भाषा येत असल्यामुळे दुभाष्याची गरज नव्हती. रयत आपले गाऱ्हाणे थेट साहेबांच्या कानी घालू लागली. या फिरतीत वाटसरू नाहीसे होण्याच्या विलक्षण वार्ता त्यांनी ऐकल्या आणि त्यांचा छडा लावण्यास आरंभ केला. तोच त्यांस पलटणीत परत बोलावण्यात आले. पुढे थोड्याच काळात स्लीमन यांनी ठगांची संघटना उघडकीस आणली आणि ते श्रेय त्यांना मिळाले. हातातोंडाशी आलेला शोध निसटल्याची चुटपुट टेलर यांस जन्मभर राहिली. मात्र नंतर माफीच्या साक्षीदार ठगांचे कबुलीजबाब ऐकण्याची संधी त्यांना मिळाली आणि रजेवर विलायतेस गेले असता इ. स. १८३९ मध्ये एका ठगाची जबानी या विषयावर त्यांनी कादंबरी प्रसिद्ध केली. या कादंबरीने विलायतेत मोठी खळबळ उडविली. तरुण राणी व्हिक्टोरियानेही ती उत्सुकतेने वाचविली. हिंदुस्थानातील माणसाच्या तोंडून त्याचीच कथा सांगावयाची, ही रीत त्या काळच्या इंग्रजी वाङ्मयात अपूर्व होती.

इ. स. १८३२ मध्ये त्यांचा विवाह मेरी पामर हिच्याशी झाला होता. हैदराबादेतील प्रसिद्ध सावकार विल्यम पामर यांची ती कन्या. विल्यम पामर यांची माता फैज बक्ष ही दिल्लीकडील मुसलमान घराण्यातील स्त्री होती. म्हणजे टेलर यांच्या संसारातच पूर्व आणि पश्चिम यांचा संगम झाला होता. दुर्दैवाने हा संसार अल्पायुषी ठरला. इ. स. १८४४ मध्ये पत्नी निवर्तली आणि त्यानंतर त्यांनी पुन्हा विवाह केला नाही. त्या वेळी ते सुरपुरास होते. घर रिकामे झालेल्या या मनुष्याचा जीव दुसऱ्याच्या मुलावर जडावा, अशी दैवाची योजना असावी.

सुरपूर, ज्यास इंग्रजी दप्तरांत शोरापूर म्हणतात, हे बेडर राजांचे संस्थान आज कर्नाटकातील यादगीर जिल्ह्यात मोडते. बेडर हे मोठे स्वाभिमानी आणि लढवय्ये लोक. इ. स. १७०५ मध्ये वृद्ध औरंगजेबाने आयुष्यातील अखेरचा वेढा घातला तो याच घराण्याच्या वागिनगेरा या ठाण्यास, आणि त्या वेळी धनाजी जाधवांच्या मराठी फौजा बेडरांच्या साहाय्यास धावल्या होत्या. अशा या संस्थानास एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास गृहकलहाने आणि कर्जाने ग्रासले. राजा कृष्णप्पा नाईक निवर्तला. पुत्र वेंकटप्पा सात-आठ वर्षांचा. एकीकडे राजमाता ईश्वरम्मा, दुसरीकडे राजाचा चुलता पिड्ड नाईक, आणि दारात निजामाच्या थकलेल्या नजराण्याचा तगादा. हे प्रकरण निस्तरण्यासाठी इ. स. १८४१ च्या सुमारास कॅप्टन टेलर यांची तेथे रवानगी झाली.

हत्यारबंद बेडरांच्या त्या डोंगरी राजधानीत रक्तपात होण्यास एक ठिणगी पुरली असती. टेलर यांनी ती पडू दिली नाही. प्रथम त्यांनी चुलत्याचा कारभार मान्य करून त्यावर देखरेख ठेविली आणि काही काळाने सर्वच राज्यकारभार त्यांच्या हाती आला. जमाबंदी सुधारली, तलाव दुरुस्त झाले, रस्ते निघाले, वाटमारी थांबली, कर्ज उतरू लागले. राणी ईश्वरम्मा यांचा स्वभाव करारी. कधी त्या टेलर यांच्याविरुद्ध कारस्थाने करीत, तर कधी संकटकाळी त्यांसच बोलावून मन मोकळे करीत. परक्या साहेबाने आपल्या पुत्राचे राज्य चालवावे, हे त्या मातेस सलणे स्वाभाविकच होते. टेलर यांनी तो राग मनात ठेविला नाही, ही त्यांची थोरवी.

याच काळात सुरपुराच्या परिसरातील मोठमोठ्या शिळांची वर्तुळे आणि दगडी थडगी यांकडे त्यांचे लक्ष गेले. राजनकोळूर, जेवरगी या ठिकाणी त्यांनी ती काळजीपूर्वक उकरविली, आतील थर, अस्थी, मडकी आणि लोखंडी वस्तू यांची चित्रे व टिपणे केली आणि युरोपातील तशाच थडग्यांशी त्यांची तुलना केली. आज ज्यास महापाषाण संस्कृती म्हणतात, तिच्या दक्षिणेतील शास्त्रशुद्ध अभ्यासाच्या आद्य प्रवर्तकांत त्यांची गणना होते. सुरपूरच्या टेकडीवर त्यांनी बांधलेला बंगला टेलर मंझिल या नावाने ओळखला जातो.

परंतु या सर्व कामांहून त्यांच्या हृदयास जवळचा होता तो बालराजा. वेंकटप्पा त्यांस अप्पा म्हणे. कानडी भाषेत अप्पा म्हणजे पिता. या मुलास शिकवावे, त्यास आपल्या पायांवर उभे करावे आणि कर्जमुक्त, सुव्यवस्थित राज्य त्याच्या स्वाधीन करून मोकळे व्हावे, हा टेलर यांचा ध्यास होता. तो त्यांनी पूर्ण केला. इ. स. १८५३ मध्ये राजा वयात आला, तेव्हा संस्थान त्याच्या हाती सोपवून ते निघाले. आलेल्या अधिकाऱ्याने राज्य गिळल्याची उदाहरणे त्या काळी पुष्कळ आहेत. राखलेले राज्य ज्याचे त्यास परत दिल्याची थोडी.

त्याच वर्षाच्या मे महिन्यात निजामाने कंपनीशी तह केला. फौजेच्या थकलेल्या पगारापोटी वऱ्हाड, धाराशीव-नळदुर्गचा मुलूख आणि रायचूर दुआब हे प्रांत कंपनीच्या ताब्यात गेले. त्यांपैकी नळदुर्गचा कारभार टेलर यांच्याकडे आला. यातील विपर्यास वाचकांच्या ध्यानात आलाच असेल. ज्या फौजेत टेलर यांनी उमेदीची वर्षे घालविली, जिचा पगार त्यांनी स्वतः घेतला, तिच्याच खर्चाने धन्याचे दिवाळे निघाले. आणि त्या दिवाळ्यात गेलेला मुलूख सांभाळण्याचे काम त्यांच्याच वाट्यास आले. व्यक्ती सज्जन असली तरी व्यवस्था सज्जन असेलच असे नाही, याचा हा पहिला दाखला.

नळदुर्गाच्या किल्ल्यात, जेथे आदिलशाही काळातील बांधाने बोरी नदीस अडविले आहे, तेथे त्यांचे वास्तव्य होते. बाहेरून मोजणीदार न आणता स्थानिक तरुणांस शिकवून त्यांनी जमिनीची मोजणी सुरू केली. रस्ते आखले, तळी दुरुस्त केली, झाडे लाविली. तुळजापूरची भवानी, तिची यात्रा, तेथील पुजारी आणि शास्त्री यांचे जे जीवन त्यांनी जवळून पाहिले, ते पुढे त्यांच्या तारा या कादंबरीत उतरले.

इकडे सुरपुराहून येणाऱ्या वार्ता मात्र चांगल्या नव्हत्या. वयाच्या विशीत हाती आलेली सत्ता, भोवती खुशमस्कऱ्यांचा मेळा, उधळपट्टी आणि पुन्हा डोक्यावर चढणारे कर्ज. राजे वेंकटप्पा नाईक यांस आवरणारे कोणी उरले नव्हते. अशात इ. स. १८५७ चे वर्ष उजाडले. टेलर यांची वऱ्हाडात बुलढाण्यास नेमणूक झाली. तेथे त्यांच्या मदतीस देण्याजोगी फौज नाही, असे सरकारने त्यांस आधीच कळविले होते. उत्तरेत वणवा पेटलेला असता आणि तो वऱ्हाडच्या सीमेशी भिडलेला असता, ते जिल्ह्यातून फिरत राहिले, लोकांशी त्यांच्या भाषेत बोलत राहिले, आणि तो प्रांत शांत राहिला.

सुरपूर मात्र पेटले. ठिकठिकाणचे निरोपे तेथे येऊ लागले, अरब आणि रोहिले शिपाई जमू लागले. फेब्रुवारी १८५८ मध्ये राजांच्या लोकांची इंग्रज फौजेशी चकमक झाली आणि तीत कॅप्टन न्यूबेरी हा अधिकारी पडला. अधिक फौजा चालून येत आहेत असे कळताच राजे राजधानी सोडून हैदराबादेस गेले. तेथे ते पकडले जाऊन सालारजंगांमार्फत रेसिडेंटच्या स्वाधीन झाले. आपल्या पूर्वजांचे स्वातंत्र्य परत मिळवावे ही प्रेरणा किती आणि भोवतालच्या लोकांची चिथावणी किती, याचे माप आज कोणी काढावे? पण ज्या घराण्याने औरंगजेबास दाद दिली नाही, त्या घराण्याच्या तरुणाने त्या वर्षी शस्त्र उचलावे, यात आश्चर्य वाटण्यासारखे काही नाही.

कैदेत असलेल्या राजास भेटण्यासाठी टेलर गेले. त्यांना पाहताच राजांनी त्यांच्या गळ्यास मिठी मारली आणि बालपणीच्या त्याच नावाने हाक मारून ते रडू लागले. ज्यास मांडीवर खेळविले त्याच्या पायांत बेडी, आणि ती बेडी घालणाऱ्या सरकारचे आपण चाकर! त्या क्षणी टेलर यांच्या अंतःकरणाची काय अवस्था झाली असेल, हे ज्याने त्याने आपल्या मनाशीच जाणावे. राजांनी प्राणदान मागितले नाही. मृत्यू द्यावयाचा असेल तर चोरासारखे फासावर न देता तोफेच्या तोंडी द्यावे, एवढीच त्यांची इच्छा होती. कैद किंवा काळे पाणी मात्र नको. हलक्यातला हलका बेडरही कोंडून घातल्यास जगत नाही, मग राजाने कसे जगावे, असे त्यांचे म्हणणे होते.

लष्करी न्यायासनाने देहान्ताची शिक्षा सांगितली. रेसिडेंट कर्नल डेव्हिडसन यांनी ती जन्मठेप काळ्या पाण्यावर आणली, आणि गव्हर्नर जनरलने आणखी दया दाखवून मद्रासेजवळील चिंगलपेटच्या किल्ल्यात चार वर्षांच्या कैदेवर ती निभावली. टेलर यांनी लिहून ठेविले आहे की वर्तणूक चांगली दिसल्यास राज्यही परत देण्याचा विचार होता. टेलर यांचा जीव भांड्यात पडला.

येथे या कथेत एका भविष्याचा प्रसंग येतो. राजा लहान असतानाच त्याच्या पत्रिकेवरून एका शास्त्र्याने वर्तविले होते की हा चोविसाव्या वर्षापलीकडे जगणार नाही. राजमातेने हे गुपित टेलर यांस सांगितले होते. राजांचा प्राण वाचल्याची वार्ता सुरपुरास पोहोचली, तेव्हा टेलर तेथे कमिशनर म्हणून आले होते. त्यांनी शास्त्रीबुवांस आता तुमचे भविष्य टळले असे म्हटले. अवधी अजून संपला नाही, एवढेच शास्त्रीबुवांनी उत्तर दिले. थोड्याच दिवसांत वार्ता आली की चिंगलपेटच्या वाटेवर, पहारेकरी अधिकाऱ्याचे पिस्तूल हाती पडून राजांचा त्याच्याच गोळीने अंत झाला. त्यांस चोविसावे वर्ष चालू होते.

ज्योतिषाचा अभ्यास असणाऱ्यांना हा प्रसंग शास्त्राचा विजय वाटेल. त्याबद्दल वाद घालण्याचे हे स्थळ नव्हे. परंतु राजांच्या मृत्यूचे कारण शोधण्यासाठी ग्रहमंडळापर्यंत जाण्याची गरज नाही, असे नम्रपणे म्हणावेसे वाटते. कोंडून घातल्यास आपण जगणार नाही, हे त्यांनी स्वतःच सांगितले होते. बालपणी ज्याच्या हातून राज्य काढून घेतले, तारुण्यात एकाकी ज्याच्या हाती ते दिले, आणि चुकला की ज्यास बेडी घातली, अशा तरुणाचे भविष्य सांगण्यास पत्रिका कशास हवी? शिक्षा सौम्य करणाऱ्यांनी दया केली. पण ती दया त्या मनुष्याच्या स्वभावास विषासमान होती. टेलर यांना हे ठाऊक होते, कारण त्यांनी ते कानांनी ऐकले होते. परंतु याहून अधिक करण्याचे सामर्थ्य त्यांच्या पदास नव्हते.

सुरपूर इंग्रजांनी खालसा केले. जे राज्य टेलर यांनी बारा वर्षे दुसऱ्याचे म्हणून सांभाळले, त्याचाच कारभार आता सरकारी मुलूख म्हणून त्यांना पाहावा लागला. इ. स. १८६० च्या तहाने धाराशीव आणि रायचूर दुआब निजामास परत मिळाले आणि सुरपूरही त्याच्या पदरात पडले. सत्तावनच्या काळातील मैत्रीचे ते बक्षीस होते. त्याच वर्षी प्रकृती पार ढासळलेले टेलर विलायतेस परतले.

पुढची वर्षे त्यांनी लेखणीस वाहिली. तारा, राल्फ डार्नेल आणि सीता या त्यांच्या तीन कादंबऱ्या अनुक्रमे १६५७, १७५७ आणि १८५७ या शंभर-शंभर वर्षांच्या अंतराने घडलेल्या घटनांवर रचलेल्या आहेत. तारा मधील शिवकालाचे चित्रण मराठी वाचकास सर्वस्वी रुचणार नाही, आणि सत्तावनच्या उठावाकडे ते अखेरपर्यंत इंग्रजाच्याच दृष्टीने पाहत राहिले, हे मान्य केले पाहिजे. तरीही सीता या कादंबरीत इंग्रज अधिकारी आणि हिंदू विधवा यांचा विवाह त्यांनी आदराने रंगविला, तोही अशा काळात की जेव्हा सत्तावनच्या आठवणींनी दोन्ही समाजांत भिंत उभी केली होती. विजापूर आणि धारवाड प्रांतांतील शिल्पांवरील ग्रंथांसाठी त्यांनी लेखन केले, हिंदुस्थानचा इतिहासही लिहिला. इ. स. १८६९ मध्ये त्यांस स्टार ऑफ इंडिया हा बहुमान मिळाला. तेव्हा त्यांचे वय साठ वर्षांचे होते आणि सेवा संपून नऊ वर्षे लोटली होती.

इ. स. १८७५ मध्ये सालारजंगांच्या निमंत्रणावरून, दृष्टी मंदावलेली असताही, ते पुन्हा हैदराबादेस आले. ज्या भूमीने तारुण्य पाहिले तिचा अखेरचा निरोप घेण्यासाठीच जणू ते आले होते. प्रकृतीने साथ दिली नाही. परतीच्या वाटेवर फ्रान्समधील माँतों या गावी १३ मे १८७६ रोजी त्यांचा देहान्त झाला. त्यांचे आत्मचरित्र त्यांच्या कन्येने पुढील वर्षी प्रसिद्ध केले. सुरपूरची ही करुण कथा आपणास मुख्यतः त्यातूनच कळते.

या चरित्राचा बोध काय? परक्या सत्तेचा सेवकही सज्जन असू शकतो, भाषा शिकून लोकांच्या अंतःकरणात शिरू शकतो, तलाव बांधू शकतो, पोरक्या मुलाचा पिता होऊ शकतो. परंतु ज्या सत्तेस लोकांनी निवडले नाही, तिच्या छत्राखाली केलेले सत्कर्म वाळूवर काढलेल्या रांगोळीसारखे असते. वारा कोणत्या क्षणी येईल हे ती काढणाऱ्याच्या हाती नसते. टेलर यांनी राज्य राखले, ते सत्तेने घेतले. त्यांनी पुत्र वाढविला, तोही सत्तेने घेतला. त्यांच्याजवळ उरले ते एवढेच की लोकांनी त्यांस बाबा म्हटले आणि एका मुलाने अप्पा. मानचिन्ह राणीने दिले. ही दोन नावे कोणत्याही दरबारातून मिळत नाहीत. त्या पुरुषाचे स्मरण आपण करावे ते या नावांसाठी, आणि त्याच वेळी वेंकटप्पा नाईक या तरुण राजाचेही करावे. एकाचे स्मरण दुसऱ्यावाचून पुरे होत नाही.